तहकुबीची मुदत

व्याधी आपल्या स्वभावाने गेली तर कोणत्या वाटेने जाते, कोठे थांबते आणि किती नुकसान करून थांबते, हे ठाऊक असल्यावाचून तिच्यावर केलेल्या उपायाचे मोल ठरवता येत नाही, ही गोष्ट तत्त्व म्हणून कोणीही मान्य करील; परंतु पाठीच्या कण्यासारख्या ठिकाणी, जेथे अस्थी आणि मज्जारज्जू एकमेकांना इतके लगटून असतात की एकाचे दुखणे दुसऱ्याच्या माथी केव्हा येईल याचा नेम नसतो, तेथे हे तत्त्व व्यवहारात उतरवताना वैद्य आणि रुग्ण या दोघांचीही तारांबळ उडते. थांबावे तर पाय जातील ही धास्ती, आणि कापावे तर जे आपोआप बरे झाले असते त्यासाठी शरीर विनाकारण उघडले ही रुखरुख. या विषयावरचा एक संवाद मिरजेस माझ्या कानांवर पडला. एका पक्षाला होते एक सेवानिवृत्त मामलेदार, ज्यांना रावसाहेब म्हणण्याचा प्रघात निवृत्तीनंतरही मोडलेला नाही. दुसऱ्या पक्षाला कण्याच्या शस्त्रक्रिया करणारे एक डॉक्टर. रावसाहेबांच्या पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलीला पाठीच्या मणक्यांचा क्षय झाला होता. वर्षभर औषधे घेऊन रोग निवला, पण पाठीवर कुबड राहिले, आणि ते वाढेल असे सांगून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. पुतण्याने काकांचा सल्ला मागितला, आणि काका छापील निबंधांचा गठ्ठा कचेरीतल्या शिस्तीने नाडीत बांधून डॉक्टरांच्या घरी हजर झाले.

रावसाहेब : डॉक्टर, पिकाची पाहणी ज्याने करायची त्यानेच वसुलीचा हुकूमही द्यायचा, अशी व्यवस्था आमच्या खात्यात असती तर रयतेची काय दशा झाली असती, हे मी सांगायला नको. शस्त्रक्रिया हवी की नको हे ठरवणारा शस्त्रवैद्यच असावा, यात मला तोच घोटाळा दिसतो. राग मानू नका. पोरीचा ताप गेला, वजन भरले. आजारात खाली पडलेली पेन्सिल उचलायची झाली तर पाठ काठीसारखी ताठ ठेवून उकिडवी बसायची. आता वाकून उचलते आणि अंगणात धावते. औषधाने जे काम पुरे केले, त्यावर पुन्हा सुरी चालवण्याचे प्रयोजन काय?

डॉक्टर : राग कशाचा, रावसाहेब? हा प्रश्न रुग्णाने विचारला नाही तर आम्हीच स्वतःला विचारला पाहिजे. पण आपण गठ्ठा आणला आहे त्या अर्थी आपला आक्षेप या एका मुलीपुरता नसावा.

रावसाहेब : नाही. माझ्या उजव्या पायात सायटिका उठली तेव्हा मणक्यातली गादी सरकली आहे, ऑपरेशनवाचून गत्यंतर नाही, असे मला एका मोठ्या शहरात सांगण्यात आले होते. मी केले नाही, आणि कालांतराने दुखणे आले तसे गेले. त्या दिवसापासून मी हे कागद जमवतो. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी 1934 साली दाखवून दिले की, फुटलेली गादी मज्जातंतूच्या मुळावर दाबल्याने पायात कळ जाते, आणि ती काढता येते. पुढे अर्धशतक जगभर गाद्या काढण्याचा सपाटा चालला, परंतु न काढता काय होते याचा तपास करण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. ऑस्लोच्या वेबर यांनी तो केला. शस्त्रक्रिया करावी की न करावी अशा संशयाच्या 126 रुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. वर्षअखेर शस्त्रक्रियेचा गट सरस होता. चार वर्षांनी तफावत नाव घेण्याजोगी उरली नाही, आणि दहा वर्षांनी दोन्ही गट एका पायरीवर आले. हा निबंध 1983 सालचा. आणि हा दुसरा, 1994 सालचा : ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा 98 इसमांचे एमआरआय काढले, तर सर्व गाद्या निर्दोष असलेले निघाले अवघे 36 टक्के! म्हणजे चित्रात दोष दिसणे हा आजाराचा पुरावाच नव्हे.

डॉक्टर : आपले दोन्ही दाखले खरे आहेत, आणि त्यांत मी माझ्याकडून भर घालतो. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीराच्याच पेशी हळूहळू गिळून टाकतात. तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितका तो विरण्याचा संभव अधिक; म्हणून चित्रात जे सर्वांत भयंकर दिसते तेच पुष्कळदा सर्वांत पूर्णपणे नाहीसे होते. पण 2007 साली हॉलंडमध्ये पाहणी झाली, तिचा कागद आपल्या गठ्ठ्यात आहे काय? तीव्र सायटिकाचे 283 रुग्ण. अर्ध्यांना लवकर शस्त्रक्रिया, अर्ध्यांना थांबण्याचा सल्ला. वर्षाअखेर दोन्हीकडे 95 टक्के बरे.

रावसाहेब : आहे. माझ्या बाजूचा तोच सर्वांत बळकट कागद.

डॉक्टर : त्याचे पुढचे पान वाचावे. थांबणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. थांबण्याने ती सर्वांची टळली नाही. आणि बरे वाटायला लवकर केलेल्यांना सुमारे चार आठवडे लागले, थांबलेल्यांना सुमारे बारा. हे मधले आठ आठवडे पेन्शन घेणाऱ्या गृहस्थाला सोसतील. कोयता हातात घेऊन फडावर उभे राहिल्याशिवाय ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला सोसतील काय? वर्षाअखेरचा हिशेब सारखा निघाला म्हणून वर्षभराचा जमाखर्च सारखा होता असे होत नाही. शिवाय हे आठवडे मोजत बसण्याची सवलत सर्वांना नाही. गादीचा लोट मधोमध आला, बसण्याच्या जागेची संवेदना गेली, लघवी तुंबली, तर तो रुग्ण त्याच दिवशी टेबलावर गेला पाहिजे. तेथे स्वभावाने बरे होण्याची वाट पाहणे हे आयुष्यभराचे अपंगत्व विकत घेणे आहे.

रावसाहेब : ते मी नाकारत नाही. माझी तक्रार निराळी आहे. जे निसर्गाने केले त्याचे श्रेय शस्त्रवैद्य आपल्या खात्यावर जमा करतो. ह्यूस्टन येथे 2002 साली गुडघ्याच्या झिजेचे 180 रुग्ण घेतले. काहींचा सांधा दुर्बिणीने साफ केला, काहींना गुंगी देऊन नुसते वरवरचे छेद घेऊन टाके घातले. दोन वर्षांपर्यंत दोघांच्या दुखण्यात फरक नाही! ज्यांच्या गुडघ्यात काहीही केले नव्हते तेही डॉक्टरला दुवा देत घरी गेले असतील. आता सांगा, रुग्णाची कृतज्ञता हा उपायाचा पुरावा धरायचा काय?

डॉक्टर : मुळीच नाही. पण गुडघ्याच्या झिजेचा दाखला मणक्याच्या क्षयाला लावणे म्हणजे एका गावच्या आणेवारीवर दुसऱ्या गावचा सारा ठरवणे. प्रत्येक व्याधीचा स्वभाव निराळा. मानेच्या मणक्यांच्या झिजेने मज्जारज्जूवर दाब येतो, त्याचेच पाहा. क्लार्क आणि रॉबिन्सन यांनी 1956 साली अशा 120 रुग्णांचा इतिहास लिहिला. बहुतेकांची अवनती पायरीपायरीने झाली होती. एक पायरी उतरायची, मग दीर्घकाळ काही नाही, मग अकस्मात दुसरी. मधल्या काळात रुग्ण म्हणतो, मी स्थिर आहे. सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळतात, रात्री अंधारात चालताना तोल जातो, हे तो वयाच्या माथी मारतो. आणि गेलेली पायरी पुष्कळदा परत चढता येत नाही.

रावसाहेब : परंतु चेक देशातल्या ब्रनो येथे सौम्य लक्षणांच्या रुग्णांत शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले दहा वर्षांनीही सारखेच निघाले.

डॉक्टर : सौम्य लक्षणांच्या, आणि नियमाने तपासलेल्या. हे दोन शब्द गाळले तर तो कागद घातक आहे. असो, आपल्या मुलीच्या रोगाकडे येऊ.

रावसाहेब : येऊ, आणि येथे तर इतिहासच माझा वकील आहे. मणक्याच्या क्षयातल्या कुबडाची आणि पायांच्या लुळेपणाची सांगड लंडनच्या पर्सिव्हल पॉटने 1779 साली वर्णिली. फ्रान्सच्या मेनारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बरगडीच्या वाटेने गळू फोडले, काही लुळे पाय हलू लागले. पुढे त्याच वाटेने बाहेरचा जंतू आत शिरून रोगी दगावू लागले, तेव्हा त्याने तो उद्योग सोडला. काही शस्त्रवैद्य मागच्या बाजूने मणक्यांची कमान काढू लागले. रोग पुढे, आणि काढले काय तर मागचे शाबूत हाड! कणा अधिकच कोलमडला. मग स्ट्रेप्टोमायसिन आले, 1952 साली आयसोनियाझिड आले, आणि औषधाने रोग मरू लागला तेव्हा कोठे शस्त्रवैद्यांना धीर आला. हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी 1956 साली पुढून छाती उघडून सडलेला भाग समूळ काढून तेथे हाड बसवण्याची पद्धत मांडली. वाटले, आता हाच राजमार्ग. पण ब्रिटिश वैद्यक संशोधन मंडळाने कोरियात मासान आणि पुसान येथे पाहणी केली : सहा महिने खाटेवर झोपवणे व्यर्थ, नऊ महिने प्लॅस्टरचे जाकीट व्यर्थ, हिंडत्याफिरत्या रुग्णाला औषध दिले तरी निकाल तोच. मद्रासेलाही शस्त्रक्रियेविना औषध घेणाऱ्यांचे निकाल दहा वर्षांनी उणे पडले नाहीत. त्याच मद्रासने 1959 साली फुप्फुसाच्या क्षयाविषयी दाखवून दिले होते की, आरोग्यधामात ठेवलेला आणि गरीब वस्तीतल्या घरी राहिलेला, दोघांनाही औषध सारखेच लागू पडते. आपल्या वान्लेसवाडीसारख्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने खाटेला खिळलेल्यांची आठवण ज्यांना आहे, त्यांना या निकालाची किंमत कळेल.

डॉक्टर : आपण हे सारे इतके नेमके मांडलेत की मला फक्त दोन कलमे जोडायची आहेत. पहिले असे की, कोरियातल्या त्या पाहणीत कोणाला घेतले नव्हते? ज्याला खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालता येत नव्हते त्याला. म्हणजे ज्यांचे पाय गेले होते, नेमक्या त्यांच्याविषयी तो निकाल मूक आहे. त्यांच्याविषयी बोलले ते काशीचे तुली. त्यांचा 1975 सालचा निबंध मध्यम मार्ग या नावाने जगभर गाजला. पाय लुळे पडले तरी प्रथम औषध. पण तीन-चार आठवड्यांत सुधारणेचे चिन्ह दिसले नाही, औषध चालू असता शक्ती आणखी घटली, बरी होऊन पुन्हा गेली, मलमूत्राचा ताबा सुटला, किंवा निदानाचाच संशय आला, तर शस्त्रक्रिया. रावसाहेब, थांबणे हा येथे उपाय आहे, पण त्याला कलमे आहेत आणि मुदत आहे. आमच्यातले पुष्कळ जण आणि रुग्णांचे नातलग तर सर्रास, मध्यम मार्ग म्हणून थांबण्याचा अर्धा भाग तेवढा उचलतात. साऱ्याची तहकुबी आपण देत होतात, ती बेमुदत देत होतात काय?

रावसाहेब : छे! तहकुबी म्हणजे माफी नव्हे. पुढच्या हंगामाची पाहणी होऊन, वसूल करायचा की सूट द्यायची, याचा हुकूम झाल्याशिवाय दप्तर बंद होत नसे. मुदतीचा शेरा नसलेली तहकुबी देणारा अव्वल कारकून मी कोठेच टिकू दिला नसता.

डॉक्टर : मग दुसरे कलम ऐका. आपण दिलेले बहुतेक दाखले रोग मारण्याविषयीचे आहेत. रोग मेला हे मलाही मान्य. प्रश्न रोगाचा नाही, वाढीचा आहे. मोठ्या माणसात रोग निवला की कुबड बहुधा जेथल्या तेथे राहते. मुलात मणक्यांचे पुढचे भाग सडून गेले तरी मागचा भाग शाबूत असतो, आणि तो वाढत राहतो. पुढे वाढणारे काही उरले नाही आणि मागे वाढ चालू, तर कणा पुढेच वाकणार. कोइंबतूरच्या राजशेखरन यांनी औषधाने बऱ्या झालेल्या 61 मुलांचा पंधरा वर्षे पाठपुरावा करून 2001 साली लिहिले की, सुमारे 39 टक्के मुलांचे कुबड रोग बरा झाल्यावर वाढतच गेले.

रावसाहेब : आणि 44 टक्क्यांचे कमी झाले, 17 टक्क्यांचे जैसे थे राहिले. हाही कागद गठ्ठ्यात आहे, डॉक्टर. कमी झालेल्यांची संख्या वाढलेल्यांहून अधिक असता पोरीला पहिल्या वर्गात का घालता?

डॉक्टर : कारण त्याच निबंधात वर्ग ओळखण्याच्या चार खुणा दिल्या आहेत. या, खिडकीजवळ या.

(डॉक्टरांनी पाकिटातून दोन एक्स-रे काढून पहिला तावदानावर धरला. पाठीच्या खालच्या भागात तीन मणके असायचे तेथे एक पाचरीसारखा पांढुरका तुकडा होता. त्यांनी मऊ पेन्सिलीने खालच्या निरोगी मणक्याच्या पुढच्या कडेने एक रेघ वर ओढली.)

ही रेघ वरच्या निरोगी मणक्याला त्याच्या पुढच्या कडेच्या निम्म्याच्या खाली भेटली असती तर ठीक. ती निम्म्याच्या वर जाते आहे. म्हणजे वरचा मणका पुढे कलंडला. ही एक. आता मागे पाहा : हे दोन लहान सांधे एकमेकांवर कौलासारखे बसायला हवेत, ते विलग झाले आहेत. ही दुसरी. वरच्या आणि खालच्या निरोगी मणक्यांच्या मागच्या कडांवरून एकेक रेघ ओढली, तर त्या जेथे छेदतात त्याच्या मागे, मज्जारज्जूच्या बाजूला, सडलेला तुकडा सरकलेला दिसतो. ही तिसरी. चौथी खूण कणा आडवा सरकण्याची. ती दुसऱ्या, समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये नाही. दोनांहून अधिक खुणा भरल्या की कुबड मोठ्या प्रमाणात वाढण्याचा धोका मानतात. आपण सांगता ती टक्केवारी सर्व मुलांची सरासरी आहे. या मुलीला सरासरीत जागा नाही.

रावसाहेब : समजा वाढले कुबड. कुबड घेऊन आयुष्य काढणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यात जीव जात नाही.

डॉक्टर : जीव जात नाही, पाय जाऊ शकतात. ग्रिफिथ्स, सेडन आणि रोफ यांनी 1956 सालच्या आपल्या ग्रंथात लवकरचा आणि उशिराचा लुळेपणा असा भेद केला. लवकरचा बहुधा पू आणि सूज यांचा. तो औषधाने किंवा निचऱ्याने पुष्कळदा पूर्ण बरा होतो. उशिराचा कधी रोग पुन्हा जागा झाल्याने येतो. कधी मात्र जंतूचा मागमूस नसताना, कुबडाच्या आतल्या टोकावर मज्जारज्जू वर्षानुवर्षे ताणला जाऊन. त्या वेळी शस्त्रक्रिया अवघड, धोका मोठा आणि सुधारणा बेभरवशाची. आज जे काम मागून मणके सांधून, मागची वाढ थोपवून होण्यासारखे आहे, तेच विशीत करायचे तर सारा कणा कापून सरळ करावा लागेल.

रावसाहेब : आणि आजच्या कामात काही बिघडत नाही?

डॉक्टर : बिघडू शकते. सांधलेला भाग उंचीत वाढणार नाही. तुकडा आखूड असल्याने तेवढ्याने धड फारसे खुजे होत नाही, पण होते. लहान हाडात स्क्रू सैल होऊ शकतो, जखम चिघळू शकते, आणि मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका कमी आहे, शून्य नाही.

रावसाहेब : आता माझे शेवटचे म्हणणे. थांबण्याला तुम्ही कलमे लावलीत : अमुक आठवडे, अमुक लक्षण, अमुक खुणा. योग्यच केलेत. पण कापण्याला एकही कलम लावले नाहीत. थांबणारा चुकला हे ठरवण्याची तारीख असते. कापणारा चुकला हे ठरवण्याची तारीख मी आजवर कोणत्याही डॉक्टरच्या कागदावर पाहिली नाही. रुग्ण बरा झाला तर सुरीने झाला, न झाला तर रोगच चिवट, हा एकतर्फी दप्तराचा नमुना आहे.

डॉक्टर : हा आक्षेप मला तोडता येत नाही. लिहून देतो. भुलीतून उठल्यावर पायांची शक्ती आजच्याहून कमी असेल तर शस्त्रक्रिया फसली. वर्षाने हाड सांधलेले दिसले नाही, किंवा स्क्रू हलला, तर फसली. तिची वाढ पुरी होईपर्यंत दर वर्षी याच रेघा ओढायच्या. कोन मोजण्याच्या चुकीपलीकडे वाढला तर फसली. आणि तो वाढला नाही, तरी ते माझ्यामुळे असे मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तीन खुणांच्या मुलांतही एखादे न वाढणारे असू शकते, आणि एकाच मुलीला दोन्ही वाटांनी चालवून पाहता येत नाही.

रावसाहेब : हे शेवटचे वाक्य आधी लिहा आणि खाली सही करा. शस्त्रवैद्याच्या तोंडून मी ते प्रथमच ऐकतो आहे. तरीही आज मी होकार देत नाही. या दोन फिल्म, पेन्सिलीच्या रेघा पुसून, तुमचे मत ज्याला ठाऊक नाही अशा दुसऱ्या एका शस्त्रवैद्याकडे पाठवतो आणि खुणा मोजून मागतो. त्याच्याही मोजणीत तीन भरल्या तर संमतिपत्रावर सही कर म्हणून पुतण्याला मीच सांगेन.

डॉक्टर : आणि दोनच भरल्या तर?

रावसाहेब : तर सहा महिन्यांची तहकुबी, आणि सहा महिन्यांनी नवी फिल्म.

डॉक्टर : चालेल, दोन अटींवर. मधल्या काळात पाय अडखळू लागला, पोटऱ्या ताठरू लागल्या, तर तहकुबी त्याच क्षणी रद्द. हे मुलीच्या आईला समजावून सांगायचे, कारण ते पहिल्याने तिच्याच लक्षात येईल. दुसरी अट अशी की नव्या फिल्मची तारीख आजच, या पाकिटावर, आपल्या अक्षरात पडली पाहिजे.

रावसाहेबांनी पेन मागून घेतले, तारीख घातली, तिच्याखाली दोन्ही अटी क्रमांक देऊन उतरवल्या, आणि डॉक्टरांची सही झाल्याशिवाय पाकीट हातातून सोडले नाही.